सूचक कोण?

परवा संध्याकाळी ओळखीच्या एका तरुणाचा फोन आला. आमच्या भागातल्या एका सोसायटीची निवडणूक आहे, त्यात तो उभा राहतोय. म्हणाला, "दादा, अनुमोदक मिळाला, सूचक मिळेना."

मी म्हटलं, अरे, गेल्या महिन्यात तर अख्खा पाडा तुझ्यामागे आहे असं सांगत होतास.

"मागे आहेतच ना. सगळे पाठीवर हात ठेवतात, बिनधास्त उभा राहा म्हणतात. अर्ज पुढे केला की म्हणतात, सही सोडून काय ते सांग."

हसलो आणि फोन ठेवला. समोर त्या दिवसाचा पेपर पडला होता. पहिल्या पानावर एका मोठ्या नेत्याचं 'सूचक विधान' होतं. आतल्या पानावर दुसऱ्याचं 'सूचक मौन'. म्हटलं, काय गंमत आहे बघा. पेपरात सूचकांचा सुकाळ आणि आमच्या पोराला अर्जावर एक सूचक मिळत नाही! शब्द तोच. मग मला तो शब्दच सोडेना. दोन दिवस डोक्यात घोळतोय, म्हणून आज जरा लांब लिहितोय. सवडीने वाचा.

आपल्याकडे हा सूचक दोन घरांत राहतो. पहिलं घर म्हणजे सभेचं प्रोसिडिंग बुक. ठराव क्रमांक अमुक, विषय तमुक, सूचक श्री. हे, अनुमोदक सौ. ह्या, ठराव सर्वानुमते मंजूर. ग्रामसभा, सोसायटी, शाळेची समिती, कुठेही जा, ही ओळ ऐकलेली असते. विधानसभा-लोकसभेच्या अर्जालाही सूचक लागतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३३ नुसार मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला त्या मतदारसंघातला एक मतदार सूचक म्हणून पुरतो, अपक्षाला दहा लागतात. सूचकाची सही खोटी निघाली तर छाननीत अर्ज बाद. म्हणजे हा सूचक नाव, गाव, यादीतला क्रमांक घेऊन चारचौघांत उभा असतो. उद्या कोणी विचारलं, ह्याला कोणी सुचवलं, तर बोट ठेवायला जागा असते.

दुसरं घर म्हणजे आमची बातमी. इथला सूचक विशेषण होऊन येतो. सूचक विधान, सूचक हसू, सूचक पोस्ट. ह्याचं काम बरोब्बर उलटं. बोलायचं, पण सापडायचं नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं आणि कोणी जाब विचारला तर "मी तसं कुठे म्हणालो?" म्हणायला दार उघडं असतं.

शब्दाचं मूळ संस्कृतात आहे. सूच् म्हणजे दाखवून देणं, खुणेने कळवणं. सूचना, सूचित ही त्याचीच भावंडं. पण संस्कृत कोशात 'सूचक'पुढे दिलेले अर्थ वाचले की जरा सावरून बसावं लागतं. दाखवणारा, सांगणारा हे अर्थ आहेतच. त्यांच्याच रांगेत चहाडी करणारा आहे, खबऱ्या आहे. सुई आहे. आणि कावळाही आहे. आपल्याकडे अंगणात कावळा ओरडला की पाहुणा येणार म्हणतात. कोण पाहुणा, कधी येणार, हे कावळा सांगत नाही. पाहुणा आला तर कावळा खरा, नाही आला तर कावळ्याला कोण विचारतो?

आता आमच्या धंद्याचं सांगतो, कारण ह्या बाबतीत आम्ही पत्रकार काही कमी नाही. आम्ही तर सूचकाला पूर्ण संसार थाटून दिलाय. 'परिसरात उलटसुलट चर्चा आहे.' 'दबक्या आवाजात बोलले जात आहे.' 'कुठेतरी पाणी मुरत असल्याचा संशय व्यक्त होत आहे.' कोणी व्यक्त केला, ते विचारायचं नाही. आणि ह्या सगळ्यांचा राजा म्हणजे 'अर्थपूर्ण'. शाळेत ह्या शब्दाचा अर्थ मास्तरांनी सांगितला तो वेगळा. बातमीत 'अधिकारी आणि ठेकेदार यांचे अर्थपूर्ण संबंध' असं आलं की डहाणूपासून चंद्रपूरपर्यंत प्रत्येक मराठी वाचकाला कळतं की इथे अर्थ म्हणजे पैसा. लाच हा शब्द नाही, रक्कम नाही, पुरावा नाही. तरी सगळं सांगून झालेलं असतं.

नव्या पोरांना वाटतं की असं लिहिलं की कायद्याच्या कचाट्यातून सुटलो. नाही बाबांनो. आमच्या पदविकेला कायद्याचा पेपर होता, त्यातलं एवढं मला पक्कं आठवतं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत बदनामीचं कलम ४९९. त्याच्या तिसऱ्या स्पष्टीकरणात सरळ म्हटलंय की आरोप उपरोधाने केला, किंवा 'हे नाहीतर ते' अशा पर्यायाच्या रूपात केला, तरी ती बदनामी होऊ शकते. आता ते कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ झालंय, तत्त्व तेच आहे. थोडक्यात, इंग्रजाच्या काळापासून कायद्याला सूचक ओळखता येतो.

पण म्हणून आडून बोलणं सरसकट वाईट, असं मी म्हणणार नाही. उलट आपल्या मातीतलं जुन्यातलं जुनं साहित्य आडून बोलण्यावरच उभं आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत. त्यातली एक गाथा अशी आहे. गोदावरीकाठच्या झाडीत एक बाई आपल्या माणसाला चोरून भेटत असते. एक धार्मिक गृहस्थ रोज तिथे फिरायला येतो आणि त्यांची पंचाईत करतो. ती त्याला 'येऊ नका' म्हणू शकत नाही. ती म्हणते, आता खुशाल फिरा, तुम्हाला त्रास देणारं ते कुत्रं मेलं. झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारलं त्याला. झालं! 'या' म्हणाली, आणि तो जन्मात परत येणार नाही अशी व्यवस्था केली.

नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला, शब्दाच्या पलीकडचा अर्थ कसा उमटतो त्याचं शास्त्र मांडलं. तेव्हा त्याने उदाहरण म्हणून हीच गाथा घेतली. शाळेत आपण अभिधा, लक्षणा, व्यंजना पाठ करतो, त्यातल्या व्यंजनेच्या चर्चेत ही गोदाकाठची बाई आजही येते.

ती बाई आडून बोलली, कारण सरळ बोलली असती तर मेलीच असती. जगात जिथे जिथे सरळ बोलणाऱ्याला मार पडतो, तिथे तिथे माणसं आडून बोलायला शिकतात. सुनेला सांगायचं ते लेकीला सांगणारी सासू घराघरात होती, आणि सासूला ऐकवायचं ते जात्यावर दळताना ऐकवणारी सूनही होती. त्यामुळे प्रश्न आडून बोलण्याचा नाही. आड कोण उभं आहे आणि कशासाठी, हा खरा प्रश्न. आणि हे शिकायला आपल्याला गोदाकाठी जायची गरज नाही. आपल्या तलासरी-डहाणूच्या इतिहासात ह्याचा सगळ्यात जळजळीत धडा आहे.

१९४५ साल. पालघर जिल्हा तेव्हा नव्हता, हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात. आजच्या तलासरीची गावं तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात, जो पुढे १९६० च्या वाटणीत बराचसा गुजरातेत गेला. जमीन सावकार-जमीनदारांची आणि राबणारा वारली. वेठ म्हणजे फुकट राबणं, बोलावलं की जायचं. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं मालकाची, त्याला नावच होतं, लग्नगडी. हे नुसतं चळवळीतले लोक सांगत होते असं नाही. खुद्द मुंबई सरकारच्या सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा १९३९ चा अहवाल आहे आणि त्यात ह्या जंगलपट्टीतल्या वेठीची, पिळवणुकीची नोंद आहे. स्वतःच्या नावाने लिहून दिलेली.

अशा राज्यात मालकाला फार बोलावं लागत नाही. दिवाणजीने पाड्यावर येऊन नुसतं "शेट आठवण काढत होता" म्हटलं तरी पुरतं. ज्याच्या हातात भाकरी असते त्याची खूणसुद्धा हुकूम असते.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं, तिथे उंबरगावकडचे काही वारली गेले. मग शामराव आणि गोदावरी परुळेकर ह्या भागात आले. गोदावरीबाई मूळच्या पुण्याच्या गोखले, कायद्याच्या पदवीधर. २३ मे १९४५ ला झरीला परिषद भरली, हजारो वारली जमले. तिथे काय ठरलं ते अगदी साध्या भाषेत होतं. वेठ करायची नाही. दिवसाला बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय मालकाच्या कामाला जायचं नाही. लग्नगडी कोणी राहणार नाही.

बारा आणे. ह्या आकड्याकडे जरा बघा. ह्यात सूचक काहीही नाही. बारा म्हणजे बारा, पावणेबारा नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी मालकासमोर मान वर केली नव्हती, ती माणसं जमून उघड्यावर एक आकडा बोलली. मला विचाराल तर वारल्यांच्या उठावाची सुरुवात त्या आकड्यात आहे. पुढे पावसाळा सरला, गवतकापणीचा हंगाम आला, तेव्हाही मागणी अशीच मोजून होती. ५०० पौंड गवताला अडीच रुपये. संप सुरू झाला.

सरळ आकड्याला उत्तर द्यायचं तर सरळ आकडाच द्यावा लागतो. होय म्हणा, नाही म्हणा, दीड रुपया देतो म्हणा. ते न करता दुसरी वाट निघाली. गोदावरीबाईंनी आणि किसान सभेने मांडलेली हकीकत अशी. १० ऑक्टोबरला पाड्यापाड्यांवर सांगावा फिरला: तलवाड्याला बाईंची सभा आहे, मालकांची माणसं बाईंना मारणार आहेत, हत्यारं घेऊन या आणि बाईंना वाचवा. त्याच वेळी दुसरा सांगावा पोलिसांकडे गेला: हजारो वारली हत्यारं घेऊन जमलेत, आता हल्ला होणार.

बाईंची सभा नव्हतीच. बाईंनी बोलावलंच नव्हतं.

माणसं आली. कोयते, काठ्या, जे हाताला लागलं ते घेऊन हजारोंनी आली आणि बाईंची वाट बघत बसली. पोलीस आले, त्यांना जे सांगितलं होतं तेच समोर दिसलं. गोळीबार झाला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच वारली मारले गेले. रात्र झाली तरी लोक हलत नव्हते, कारण बाई यायच्या होत्या. बाईंना सोडून कसं जायचं?

दर वर्षी १० ऑक्टोबरला तलासरीत हुतात्मा दिन होतो. मी बातमीसाठी बरीच वर्षं जातोय. भाषणं होतात, लाल बावटे असतात, पाड्यापाड्यांवरून माणसं येतात. तुमचं राजकारण कोणतंही असो, एकदा जाऊन या. मी तिथे उभा राहिलो की मला दर वेळी एकच प्रश्न पडतो. तो सांगावा पाड्यावर नेमका कोणी आणला असेल? कोणीतरी एक माणूस चालत आला असेल. दारात उभा राहून म्हणाला असेल, "बाईंनी बोलावलंय." त्याला तरी ठाऊक होतं का की हे खोटं आहे? का त्यालाही कोणीतरी सांगितलं होतं?

कागद नाही, सही नाही. एक सांगावा दोन तुकड्यांत फाडला, एक तुकडा ह्या कानात, दुसरा त्या कानात. वारल्याला सांगितलेल्या गोष्टीत पोलीस नव्हते आणि पोलिसांना सांगितलेल्या गोष्टीत बाईंवरचं संकट नव्हतं. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून बघणारा कोणीही मध्ये नव्हता. ज्याने हे सुचवलं तो घरी होता.

एक मात्र खरं. एवढं होऊनही संप मोडला नाही. गोदावरीबाईंनी हा सगळा काळ पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात लिहिला. १९७० चं पुस्तक, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार. डहाणू-तलासरीत राहून ते वाचलं नसेल तर वाचा, एवढंच म्हणतो.

इथपर्यंत इतिहास सांगणं सोपं आहे. जमीनदार दुसरे, मेलेले दुसरे, आपण वाचणारे. आता माझं सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका पेपरला तालुक्याच्या बातम्या पाठवायचो. ओळींवर पैसे मिळायचे, म्हणजे मिळायचे तेव्हा मिळायचे. एका पाड्यावर बचतगटाचं रेशन दुकान होतं, ते चालवणारा माणूस साधा, कमी बोलणारा. एक दिवस नाक्यावर चहा पिताना एकाने मला सांगितलं, त्या दुकानाचं काही खरं नाही, तांदूळ रात्रीचा जातो. दुसऱ्याने मान हलवली. मी त्या पाड्यावर गेलो नाही. दुकानदाराला विचारलं नाही. संध्याकाळी बातमी पाठवून दिली. तिच्यात काय होतं ते मला आजही पाठ आहे: दुकानातील धान्याला पाय फुटल्याची परिसरात चर्चा असून, संबंधितांच्या अर्थपूर्ण संबंधांमुळेच कारवाई होत नसल्याचे बोलले जात आहे.

एका वाक्यात तीन सूचक. चर्चा कोण करतंय? नाक्यावरचे दोघं. बोलतंय कोण? तेच दोघं. अर्थपूर्ण संबंध कोणाचे? मला ठाऊक नव्हतं. शब्द हाताशी होता, बसवून टाकला.

चार दिवसांनी तो माणूस माझ्याकडे आला. कात्रण घडी करून खिशात होतं. भांडेल असं वाटलं होतं. तो बसला, पाणी प्यायला. मग म्हणाला, "साहेब, ह्यात माझं नाव नाय."

मी म्हटलं, हो ना, नाव कुठे घातलंय तुमचं.

"पण पाड्यात दुकान एकच हाये."

मी गप्प. मग त्याने विचारलं, "कोण बोललं? बोलणाऱ्याचं नाव सांगा. मी त्याच्याशी बोलतो. नायतर तुम्हीच बोललात असं सांगा, मग मी तुमच्याशी बोलतो."

ह्याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सूत्रांचं नाव सांगता येत नाही वगैरे मी काहीतरी म्हणालो. तो उठताना म्हणाला, "तुम्ही लिवलं कायच नाय, आणि लोकांना कळलं सगळं."

पुरवठा विभागाची चौकशी झाली. साठा मोजला, नोंदी बघितल्या, काही निघालं नाही. तोवर गटातल्या बायकांत फूट पडली होती, त्याची मुलगी दुसऱ्या गावच्या शाळेत घातली होती. त्याने दुकान सोडलं. काही महिन्यांनी कळलं की नाक्यावर मला चहा पाजणाऱ्याच्या नात्यातलेच लोक त्या दुकानासाठी धडपडत होते. मी पेपरला खुलासा पाठवला. तो छापून आला नाही. मी पुन्हा पाठवला नाही. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, म्हणून लिहितोय. पेपरला दोष देऊन मोकळा होऊ शकलो असतो, पण दुसऱ्यांदा पाठवायला मला कोणी अडवलं नव्हतं.

तलवाड्याला सांगावा घेऊन पाड्यावर जाणारा तो माणूस कोण असेल, हा प्रश्न मला दर वर्षी का पडतो, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्याच्या ठिकाणी मी स्वतःला बघतो. मीही नाक्यावरून पाड्यापर्यंत सांगावा पोचवला होता, फक्त छापून.

आता आपल्या सगळ्यांच्या हातात छापखाना आहे. १६ एप्रिल २०२० ची रात्र आपल्या तालुक्याने बघितली आहे. टाळेबंदी होती, गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशा तिघांना जमावाने मारलं. ते एका अंत्यविधीला सुरतकडे निघाले होते. त्याच्या आधी ह्या भागात मोबाईलवर आणि तोंडी काय फिरत होतं ते आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलं आहे: मुलं पळवणारी टोळी फिरतेय, सावध राहा, पुढे पाठवा. 'सावध राहा' ह्यात वाईट काय? सूचनाच तर होती. फक्त तिला सूचक नव्हता. त्या रात्री जे झालं त्याला कुठलंही कारण समर्थन होऊ शकत नाही, आणि ज्यांनी हात उचलला त्यांचा गुन्हा अफवेवर ढकलता येत नाही. पण त्या हातांपर्यंत भीती कोणी पोचवली, त्या माणसांची यादी कुठेच नाही.

आणि पुढची गंमत बघा, खरं तर गंमत म्हणवत नाही. घटनेनंतर दोन-तीन दिवसांत बाहेरच्या लोकांनी दुसरं सूचक बोलणं सुरू केलं. मारणारे कोण होते, 'समझनेवाले समझ गये' छापाचं. त्याला धर्माचा रंग चढायला लागला. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की ह्यात तसं काही नाही. नाव नसलेल्या बोलण्याला शेवटी नावांची यादीच थांबवू शकली, तीही पूर्ण नाही.

मला कोणी म्हणेल, म्हणजे काय, प्रत्येकाने नावानिशी बोलावं? वीटभट्टीवरच्या मजुराने ठेकेदाराविरुद्ध स्वतःचं नाव छापून आणावं? आश्रमशाळेतल्या मुलीने तक्रारीखाली सही करावी? अजिबात नाही. गोदाकाठच्या त्या बाईला आड लागते, तशी ह्यांनाही लागते. ती देणं हेच तर आमचं काम. पण आड देणाऱ्याने स्वतः पुढे उभं राहावं लागतं. मजुराचं नाव झाकायचं, आणि खाली आपलं घालायचं. मी गेलो, मी बघितलं, मी विचारलं, समोरच्याला बाजू मांडायला सांगितली, आता हे खरं असल्याची जबाबदारी माझी. मी त्या रेशनवाल्याच्या वेळी दोन्ही नावं झाकली, बोलणाऱ्याचं आणि माझंही. तिथे चूक झाली.

पेपरच्या शेवटच्या पानावर अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते, कधी लक्ष जात नाही आपलं. हे पत्र मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले. ही ओळ हौसेने छापत नाहीत. मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापण्याचं बंधन १८६७ च्या कायद्याने घातलं. इंग्रजाने ते आपल्या सोयीसाठी घातलं, पेपरवाल्यांना पकडता यावं म्हणून, हे खरंच आहे. पण त्या ओळीमुळे वाचकालाही एक दार मिळालं, जाऊन विचारायचं दार. तो रेशनवाला त्याच दाराने माझ्याकडे आला होता. फॉरवर्डच्या खाली ती ओळ नसते. म्हणून तिथे भांडायला जायलाही कोणी सापडत नाही.

तर साधी सवय लावून घेऊ या. कोणी म्हणालं 'असं ऐकलंय', तर विचारायचं, कोणाकडून? 'लोक बोलतात', तर कोण लोक? नेत्याचं सूचक विधान आलं, तर म्हणायचं, साहेब, सरळ बोला, कोणाबद्दल आणि काय. मी आमच्या तालुक्यातल्या पोरांना सांगायला सुरुवात केलीय की बातमीत 'अर्थपूर्ण' लिहायचं असेल तर आधी रक्कम आणा. रक्कम नसेल तर शब्द काढा. चार ओळींची बातमी दोन ओळींची होते, होऊ द्या.

जाता जाता दोन गोष्टी.

पहिली. तो खुलासा, जो छापून आला नाही. मी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या रेशन दुकानाबद्दल जी बातमी दिली, ती मी शहानिशा न करता दिली होती. चौकशीत गैरप्रकार आढळला नाही. 'अर्थपूर्ण संबंध' हे शब्द माझे होते, त्यांना काही आधार नव्हता. त्या माणसाचं नाव आजही लिहीत नाही, कारण आता त्याला पुन्हा चर्चेत आणण्याचा मला हक्क नाही. ह्या आठवड्यात त्याच्या घरी जाणार आहे. खरं म्हणजे तेव्हाच जायला हवं होतं. तो काय म्हणेल ते म्हणेल.

दुसरी. सोसायटीवाल्या पोराला सूचक मिळाली. काल पुन्हा फोन आला होता. त्याच्या गल्लीतल्या एक काकू, पतीनंतर स्वतः सभासद झालेल्या, सही करायला तयार झाल्या. बाकीच्यांनी त्यांना घाबरवलं म्हणे, उद्या काही झालं तर तुमचं नाव येईल. त्या म्हणाल्या, "मीच सांगितलं उभा राहा म्हणून. मग माझं नाव नाही येणार तर कोणाचं येणार?"

त्यांना सही करायला वेळ लागतो, पूर्ण नाव आडनावासकट लिहितात. पोरगं सांगत होतं, टेबलापाशी रांग खोळंबली होती आणि काकू एकेक अक्षर काढत होत्या.